लुटुपुटूचं मरण

“लागली! पड खाली!”

“नाही लागली. कानाजवळून गेली.”

“मी बघितली ना लागताना!”

“हो, गोळी दिसते म्हणे याला. मोठा आला बघणारा!”

खेळण्यातल्या बंदुकांच्या आठवणी निघाल्या की मोठी माणसं बंदुकीचंच वर्णन करत बसतात. पत्र्याचा तो गार स्पर्श, चाप ओढून ओढून बोटावर उठलेला वळ, टिकली फुटली की नाकात शिरणारा जळका वास. (त्या टिकलीत तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट असतं. दोन्ही एकत्र आली की नुसत्या आघाताने पेटतात, म्हणून टिकलीच्या वाट्याला चिमूटभरच येतात.) मला मात्र आधी वरच्यासारखी भांडणं आठवतात. गोळीबार पाच मिनिटं चालायचा आणि खटला अर्धा तास. साक्षीदार फितूर व्हायचे, कुणी ऐन वेळी ‘टाइम प्लीज’ घेऊन पाणी प्यायला पळायचं, कुणावर रडीचा डाव खेळल्याचा आरोप व्हायचा. आणि एवढं सगळं झाल्यावर मरायचं की नाही हे ठरवायचा हक्क शेवटी ज्याला गोळी लागली त्याच्याकडेच उरायचा. तो पडला तर मेला. नाही पडला, तर जगातली कुठलीही बंदूक त्याचं काही वाकडं करू शकत नव्हती.

त्या टोळीत मी सगळ्यांत लहान, त्यात मुलगी. म्हणजे कच्चं लिंबू. कच्च्या लिंबाला गोळी लागली तरी ते मरत नाही, आणि त्याने झाडलेल्या गोळीनेही कुणी मरत नाही. बंदूक भावाची. माझ्या हातात ती यायची टिकल्या संपल्यावर. कधी मला जखमींना पट्ट्या बांधायला बसवत, आणि शत्रू कमी पडले की मी शत्रू. गाऱ्हाणं म्हणून हे सांगत नाही, मला मजाच यायची. पण माझ्या वयाचे पुरुष गहिवरून ‘आपलं बालपण’ म्हणतात, तेव्हा त्या ‘आपलं’मध्ये मी नक्की कुठे उभी होते असा प्रश्न पडतो. बहुधा त्यामुळेच या स्मरणरंजनाकडे जरा तिरकं बघता येतं.

त्या गहिवराच्या शेवटी एक वाक्य हटकून येतं. “आम्ही खेळलोच की बंदुकांशी! काय बिघडलं आमचं?”

आपण बिघडलो नाही हे आपणच ठरवायचं, हा या वाक्यातला पहिला गमतीचा भाग. तो सोडून देऊ. मला खटकतो तो ‘बंदूक’ हा शब्द. आपण जिच्याशी खेळलो ती वस्तू आणि आज त्या नावाने विकली जाणारी वस्तू एकच आहे, असं तो शब्द बेमालूम गृहीत धरायला लावतो. माझं म्हणणं असं की आपल्या त्या बंदुकीत जे काही चांगलं होतं ते तिच्या खोटेपणात होतं. ती जड नव्हती, नेम धरण्याजोगी नव्हती, तिच्यातून काही बाहेर पडत नव्हतं. म्हणून तर ‘ढिश्क्यांव’ तोंडाने म्हणावं लागायचं आणि समोरच्याला मरण्यासाठी राजी करावं लागायचं. स्मरणरंजन नेमका हा खोटेपणा विसरतं आणि पैसे हातात आले की बाजारातून खरेपणा विकत आणतं.

खेळातल्या या खोटेपणावर ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने फार नेमका विचार केला आहे. १९५२ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं बघत होता. ती एकमेकांना चावत होती, पण ते चावणं चावणं नव्हतं, आणि हे दोन्ही पिल्लांना कळत होतं. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने त्याचा अर्थ लावला. खेळात प्रत्येक कृतीबरोबर आणखी एक निरोप जात असतो, ‘हा खेळ आहे’. लुटुपुटूचा चावा खऱ्या चाव्याची आठवण करून देतो, पण खऱ्या चाव्याने जे झालं असतं ते त्याने होत नाही. आपल्याकडे यासाठी निबंध लागला नाही, ‘लुटुपुटूची लढाई’ हा शब्द आधीपासून होता. पण बेटसनमुळे एक गोष्ट लख्ख दिसते. खेळ टिकतो तो निरोप पोचतो तोवर. निरोप हरवला की उरतो फक्त चावा.

खेळण्यातल्या बंदुकांवर सरसकट बंदी मागणाऱ्यांना हा निरोपच दिसत नाही. त्यांना फक्त आकार दिसतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सात वर्षांच्या एका मुलाने न्याहारीची गोड वडी कुरतडून कुरतडून तिला बंदुकीसारखा आकार दिला, आणि शाळेने त्याला दोन दिवस घरी बसवलं. मुलाच्या हातात बंदूक नव्हती, बंदुकीसारखं खेळणंही नव्हतं. होती फक्त कल्पना, आणि शिक्षा झाली ती कल्पनेला. ब्रिटनमध्ये बालवाड्यांतून बरीच वर्षं ‘इथे बंदूक-बंदूक खेळायचं नाही’ असा नियम होता. शेवटी २००७ मध्ये सरकारनेच शिक्षकांना मार्गदर्शन करताना सांगितलं की मुलग्यांचे असे खेळ दाबू नका, त्यांत भाग घ्या. बंदीने साधलेलं एवढंच होतं की मुलं बंदुकीला ‘ही पाण्याची नळी आहे, बाई’ म्हणायला शिकली असावीत.

याची सर्वांत चांगली गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. ‘साकी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एच. एच. मन्रोच्या ‘द टॉइज ऑफ पीस’ या कथेत एक मामा भाच्यांसाठी शांततेची खेळणी घेऊन येतो. सैनिक नाहीत, तोफा नाहीत. आहेत ते विचारवंत, एक कवयित्री, नगरपालिकेची कचराकुंडी आणि तरुणींच्या एका संस्थेची छोटी इमारत. थोड्या वेळाने मामा दाराशी येऊन बघतो तर कचराकुंडीला काल्पनिक तोफांच्या नळ्यांसाठी भोकं पाडली आहेत आणि विचारवंतांपैकी जॉन स्टुअर्ट मिल लाल शाईत बुडून फ्रेंच सेनापती झाला आहे. कथा विनोदी आहे, पण लेखकाचं पुढे काय झालं हे ठाऊक असेल तर हसू जरा अडखळतं. वयाची चाळिशी उलटलेली असताना तो पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये गोळी लागून मेला. ती गोळी कानाजवळून गेली नाही.

त्याच काळात विज्ञानकथा लिहिणारा इंग्रज लेखक एच. जी. वेल्स जमिनीवर गुडघे टेकून शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळत होता. शिशाचे सैनिक तोवर स्वस्त झाले होते, कारण १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कुटुंबाने ते आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली होती. कमी शिसं, कमी वजन, कमी किंमत. वेल्सने या खेळाचे नियम बारकाईने लिहून १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच काढलं. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची बारीक कांडी सुटायची आणि ती ज्याला लागेल तो सैनिक आडवा. पुस्तकाच्या शेवटी त्याचं म्हणणं असं की हा खेळ तीन-चार वेळा खेळून बघा, म्हणजे खरं युद्ध किती गचाळ आणि बेंगरूळ प्रकार असेल ते कळेल. वर्षभरात खरं युद्ध आलं. वेल्सच्या खेळाने ते थांबलं नाही, साकीच्या मामाच्या कचराकुंडीनेही थांबलं नाही. खेळण्यांच्या हातात तेवढी ताकद नसते, हे दोन्ही बाजूंनी एकदा मान्य केलं तर पुष्कळ ओरडा कमी होईल.

बंदीवाल्यांकडे पुरावे अगदीच नाहीत असं नाही. १९६७ मध्ये बर्कोविट्झ आणि लपाज या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. चिडवलेल्या माणसांना दुसऱ्याला विजेचे सौम्य झटके देण्याची मुभा दिली. शेजारच्या टेबलावर बंदूक पडलेली असताना त्यांनी जास्त झटके दिले, बॅडमिंटनची रॅकेट असताना कमी. पुढे असे प्रयोग करताना कधी तोच निष्कर्ष आला, कधी नाही. पण टेबलावर होती ती दिसायला खरी बंदूक. लाकडाच्या फळकुटाबद्दल त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. कायद्यांचंही तसंच. स्वीडनमध्ये १९७९ पासून खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी आपणहून आधुनिक युद्धाची खेळणी विकणं थांबवलं. व्हेनेझुएलाने २००९ मध्ये त्यांवर कायद्याने बंदी घातली. स्वीडन आधीही शांत होता. व्हेनेझुएला पुढची कितीतरी वर्षं खऱ्या बंदुकांच्या खुनांसाठी जगभर कुप्रसिद्ध राहिला.

मग खेळण्यांचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. पण तो चापावर असलेल्या बोटातून होतो त्यापेक्षा शत्रू कोणाला केलं यातून जास्त होतो, असं मला वाटतं. हे मला सुचलं चर्चिलच्या आत्मचरित्रावरून. लहानपणी त्याच्याकडे जवळजवळ १५०० खेळण्यातले सैनिक होते, सगळे ब्रिटिश, पायदळाची अख्खी डिव्हिजन आणि वर घोडदळ. धाकटा भाऊ जॅक शत्रूचा सेनापती. पण चर्चिल थट्टेने सांगतो की शस्त्रकपातीचा तह करून जॅकला फक्त ‘रंगीत’ फौज ठेवायची परवानगी होती, म्हणजे काळ्या-सावळ्या लोकांची, आणि तीही तोफांशिवाय! वाचताना मी आधी हसले. मग वाटलं, ही थट्टा आहे की साम्राज्याचा नकाशा? त्या घरातल्या फरशीवर आम्ही सगळे आधीच हरवून ठेवलेले होतो. वडिलांनी वीस मिनिटं ती मांडणी न्याहाळली आणि मुलाला विचारलं, सैन्यात जायचं का? चर्चिलला कित्येक वर्षं वाटत होतं की बापाने आपल्यातला सेनानी ओळखला. खरी गोष्ट त्याला नंतर कळली. वकिली करण्याइतकी अक्कल या पोराला नाही, एवढाच त्यांचा निष्कर्ष होता.

खेळण्याने चर्चिल घडला असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, खेळण्याआधी घराने घडवला. सैनिकांच्या त्याच डब्यातून दुसऱ्या घरी काय निघालं ते बघा. १८२६ च्या जूनमध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलगा ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी सैनिक आणले. बहिणी, म्हणजे पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या शार्लट, एमिली आणि अ‍ॅन, धावल्याच. शार्लटने एक उचलला आणि जाहीर केलं, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलचा झाला नेपोलियन बोनापार्ट. एमिलीचा सैनिक गंभीर चेहऱ्याचा, म्हणून त्याचं नाव ‘ग्रेव्ही’. आणि सहा वर्षांच्या अ‍ॅनच्या वाट्याला आला एक विचित्र, तिच्यासारखाच चिमुकला सैनिक. त्याला नाव पडलं ‘वेटिंग बॉय’, म्हणजे हरकाम्या पोरगा. बघा, कच्चं लिंबू तिथेही होतंच! या बारा लाकडी ठोकळ्यांतून आधी एक शहर झालं, मग राज्य, मग त्या राज्याची बोटभर आकाराची मासिकं, बारीक अक्षरात लिहिलेली. पुढे एमिली आणि अ‍ॅन त्यातून फुटून निघाल्या आणि त्यांनी गोंडाल नावाचं स्वतःचं बेट वसवलं, जिथली सत्ता एका राणीकडे होती. ज्यांना डावात बाजूला बसवलं होतं त्यांनी डावच दुसरा मांडला. लाकडी सैनिकाला ते चाललं, कारण त्याच्या अंगावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोण शूर, कोण दुष्ट, कोणाचं घर कुठे, काहीच नाही.

१९६४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने जी. आय. जो हा सैनिकाच्या वेशातला बाहुला आणला तेव्हा मुलगे बाहुल्या खेळत नाहीत म्हणून त्याला बाहुली म्हणायचं नाही असं ठरलं आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द जन्माला आला. व्हिएतनामच्या युद्धाचा लोकांना वीट येऊ लागला तसा तो सैनिकाचा साहसवीर झाला, खजिने शोधायला लागला. पुढे १९८० च्या दशकात तो पुन्हा लढायला निघाला तेव्हा आकाराने लहान झाला होता आणि बरोबर कार्टून आलं होतं. आता शत्रू कोण, त्याचं नाव काय, तो दुष्ट का, सगळं खोक्यातूनच मिळत होतं. मुलाने फक्त हात हलवायचे. मला यातल्या तोफांपेक्षा या आयत्या गोष्टीचं जास्त भय वाटतं. अमेरिकेच्या सैन्याने २००२ मध्ये हेच सूत्र थेट वापरलं. ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा व्हिडिओ गेम फुकट वाटला, आणि हेतू लपवलाही नाही. तरुणांनी भरतीकडे वळावं एवढ्यासाठीच तो होता. वीस वर्षं चालवून २०२२ मध्ये त्याचे सर्व्हर बंद केले. त्याला मी खेळणं म्हणणार नाही. भरती कार्यालयाने खेळाचा वेश घेतला होता.

आता पुन्हा हरवलेल्या निरोपाकडे. खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षापासून तिच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी रंग आला. तो इवलासा रंग म्हणजे बेटसनचं वाक्यच, ‘हा खेळ आहे’. पण छर्रे उडवणाऱ्या हवेच्या बंदुकांना त्यातून सूट होती, आणि टोक रंगवून किंवा उपटून टाकायला वेळ लागतो कितीसा? २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडच्या एका बागेत बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी, दिसायला हुबेहूब बंदूक घेऊन वावरत होता. नारिंगी टोक तिच्यावर राहिलेलं नव्हतं. फोन करून कळवणाऱ्याने सांगितलं होतं की बंदूक बहुधा खोटी असावी. पोलिसांपर्यंत ते पोचलंच नाही. गाडी येऊन थांबली आणि सुमारे दोन सेकंदांत मुलाला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. ‘बहुधा खोटी’ हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले होते. आणि इथेही, ज्याला आधीच शत्रू मानायची सवय लागलेली असते त्याच्या बाबतीत असे शब्द जास्त सहज गळतात.

अफगाणिस्तानात २०१५ साली ईदच्या दिवसांत छर्ऱ्यांच्या खेळण्यांनी शंभराहून अधिक लोक जखमी झाले, बऱ्याच जणांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि सरकारने तशा खेळण्यांवर बंदी आणली. खऱ्या युद्धात होरपळलेल्या देशाला खेळण्यातल्या बंदुकीवर बंदी घालावी लागते, यावर कुत्सित हसणारे पुष्कळ भेटले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. छर्रा उडाला की भांडण संपतं. लागली की नाही हे कोणी कोणाला विचारत नाही, डोळाच सांगतो. मरणाऱ्याची संमती ही जी खेळाची खरी गंमत होती, ती छर्ऱ्याने काढून घेतली. वस्तू जितकी खरी होत गेली तितका खेळ बाद होत गेला.

म्हणून मला हवा असलेला नियम फार साधा आहे, आणि तो मुलांना नसून विकणाऱ्यांना लागू व्हावा. फक्त टोक रंगवून भागणार नाही, अख्खी वस्तू लांबूनही खोटी दिसली पाहिजे. पाण्याच्या आणि स्पंजच्या बंदुका हिरव्या-पिवळ्या-जांभळ्या असतात, त्यांनी कोणाचं बालपण ओस पडलेलं नाही. (‘सुपर सोकर’ नावाची ती जबरदस्त पाण्याची बंदूक लॉनी जॉन्सन या नासाच्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाली, तीही उष्णतेच्या पंपावर काम करता करता.) डोळ्याला इजा करील इतक्या वेगाने काही उडत असेल तर ते खेळण्यांच्या फळीवर नको. आणि पट्टी, झाडू, दोन बोटं, कुरतडलेली वडी यांच्याकडे शाळांनी खुशाल काणाडोळा करावा.

मोठ्यांनी जमवलेल्या हुबेहूब प्रतिकृतींचं काय? मोठी माणसं कशालाही पैसे घालवतात, माझी ना नाही. फक्त त्याला बालपण म्हणू नये. बालपणीच्या त्या पत्र्याच्या बंदुकीला कोणी हुबेहूब म्हटलं असतं तर ती स्वतःच लाजली असती.

मध्यंतरी एका परिचितांकडे गेले होते. त्यांनी काचेच्या कपाटातून एक प्रतिकृती काढून दाखवली. धातूची, खऱ्याइतकीच जड. टोक काळं रंगवून घेतलेलं. “लहानपणी अशी मिळाली असती तर!” म्हणाले. त्यांची पाच वर्षांची मुलगी दारात उभी होती. कपाटाला हात लावायची तिला बंदी. तिच्या हातात फूटपट्टी होती. तिने एक डोळा मिटून पट्टी आधी वडिलांवर रोखली. ते मला त्या धातूचं वजन सांगत होते. मग तिने ती माझ्यावर रोखली आणि तोंडाने आवाज काढला. मी छातीवर हात ठेवून सोफ्यावर कलंडले.

“तुम्ही नाही मेलात,” ती म्हणाली. “तुम्ही कच्चं लिंबू आहात.”